वेगाचा खर्ज : मेटल संगीतासाठी बास गिटार कशी निवडावी?



गेल्या वर्षी शाळा सुरू होताच अकरावीच्या एका विद्यार्थ्याचे बाबा आमच्या कार्यालयात आले. मुलाला बास गिटार हवी होती. 'मेटल' या नावाने ओळखले जाणारे अतिशय वेगवान व दणदणीत संगीत वाजवणारा एक गट त्याने मित्रांबरोबर जमवला होता. 'सर, पतपेढीतून कर्ज काढतोय. घेऊ ना?' असे त्यांनी विचारले. आम्हाला त्या वाद्यातले ओ की ठो कळत नव्हते. पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून 'मला माहीत नाही' म्हणणे जड जाते. 'घ्या, मुलगा हुशार आहे, वाजवील,' असे सांगून आम्ही मोकळे झालो.

अठ्ठावीस हजार रुपयांची, पाच तारांची, काळी, टोकदार शिंगांची गिटार घरी आली. दिवाळीपर्यंत मुलाचे डावे मनगट दुखू लागले. वेग वाढवला की सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर ऐकू येई. जानेवारीत गिटार पलंगाखाली गेली. बाबा पुन्हा भेटायला आले. रागावले असते तर आम्हाला बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, 'सर, अजून चौदा हप्ते बाकी आहेत.'

त्या दिवसापासून आम्ही हा विषय अभ्यासाला घेतला. आमचे संगीत शिक्षक, हैदराबादला नोकरी करून सुट्टीच्या दिवशी बास वाजवणारा आमचा एक माजी विद्यार्थी, आणि आपल्या प्रयोगशाळेतला जुना सोनोमीटर, हे तिघे आमचे गुरू. यंदा स्नेहसंमेलनाच्या निधीतून शाळेसाठी एक बास गिटार घेण्याची मागणी विद्यार्थ्यांनी केली आहे. म्हणून जे कळले ते सर्वांपुढे ठेवतो.

हे संगीत आपल्या शाळेत कशाला, असे काही ज्येष्ठ मंडळी विचारतील. त्यांना आम्ही इतकेच सांगू की ते आपल्या गावात केव्हाच येऊन पोहोचले आहे. इंदूरमध्ये २००६ साली मेटल वाजवणारा एक बँड उभा राहिला आणि त्यातली काही आडनावे आपल्याच घरांतली आहेत. बँडचे नाव 'निकोटीन'. नाव ऐकून आमच्याही कपाळाला आठ्या पडल्या, हे कबूल करतो. पण वाद्याची निवड हा शास्त्राचा विषय आहे आणि पैशाचाही आहे.

बास गिटारचे काम आपल्याला 'खर्ज' या शब्दाने चटकन कळेल. गटातली दुसरी गिटार वरच्या स्वरांत बोलते, बास तिच्या एक सप्तक खाली असते आणि ढोलाला धरून चालते. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बासकडे असे. ते वाद्य न्यायला अवघड, आणि ढोल व कर्णे वाजू लागले की त्याचा आवाज दबून जाई. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ साली खांद्यावर अडकवता येणारी विजेवर चालणारी बास बाजारात आणली. तिच्या दांडीवर सतारीच्या पडद्यांसारख्या धातूच्या पट्ट्या होत्या. बोट त्या पट्टीमागे ठेवले की सूर अचूक लागे, म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन'. पडद्याला इंग्रजीत फ्रेट म्हणतात. आम्ही पडदाच म्हणणार. घोडी, खुंटी, दांडी हे आपले शब्दही इथे चपखल बसतात.

आता मुद्द्याचे. चार तारांच्या बासमध्ये सर्वांत जाड तार 'ई' या स्वरात लावतात. तिची वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे एका सेकंदात ४१ कंपने. (आम्ही हिंदी माध्यमातून पदवीधर झालो, त्यामुळे आमच्या डोक्यात आजही 'आवृत्ति' हाच शब्द येतो. विद्यार्थ्यांनी परीक्षेत वारंवारता लिहावे.) मेटलमध्ये मिनिटाला दोनशे ठोके ही फार विलक्षण गोष्ट नाही. एक ठोका ०.३ सेकंदाचा. एका ठोक्यात चार सूर वाजवायचे म्हटले तर प्रत्येक सुराच्या वाट्याला ०.०७५ सेकंद येतात. आता गुणाकार करा : ४१ गुणिले ०.०७५, उत्तर सुमारे तीन.

म्हणजे ती जाड तार जेमतेम तीन वेळा हलते, तोच पुढचा सूर येतो. पाच तारांच्या बासमधली सर्वांत खालची तार 'बी', तिची वारंवारता सुमारे ३१ हर्ट्झ. तिला तर सव्वादोन कंपनेच मिळतात. एवढ्यात कानाने मूळ सूर ओळखायचा कसा? आमच्या विद्यार्थ्याची घरघर इथून आली होती. त्याला वाटे की बोटे कमी पडतात. बोटे कमी पडत होतीच, पण त्याने वेगासाठी वाद्य निवडताना सर्वांत खोल आवाजाचे निवडले, आणि वेगात सर्वांत आधी हरवतो तो खोल आवाजच.

मग मोठे वादक त्या वेगात स्पष्ट कसे ऐकू येतात? उत्तर आमच्या संगीत शिक्षकांनी तानपुरा समोर ठेवून दिले. खर्जाची तार छेडली की तिच्यातून केवळ खर्ज निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही निघतात आणि जवारी नीट लागलेली असेल तर ते झळाळून वर येतात. बासच्या 'ई' तारेचा दहावा उपस्वर सुमारे ४१२ हर्ट्झचा असतो. त्याला त्याच ०.०७५ सेकंदात तीस कंपने मिळतात. तीस कंपनांत कान सूर पकडतो, आणि मूळ स्वर पुरता ऐकू आला नसला तरी उपस्वरांवरून मेंदू त्याची जागा भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ निघूच शकत नाही, तरीही गाण्यातला बास आपल्याला कळतो, त्याचे कारण हेच. याखेरीज बोट किंवा पिक तारेवर आदळल्याचा जो 'टक' आवाज होतो, तोही सूर कुठे सुरू झाला हे सांगतो.

तेव्हा वेगवान वादनासाठी बास घेताना तिच्या खोलीआधी तिची 'जवारी' तपासावी. याचे तीन भाग आहेत. पहिला, तारा. गोल वेटाळ्याच्या तारा खरखरीत असतात व त्यांत उपस्वर भरपूर मिळतात, त्यातही पोलादाच्या तारा निकेलपेक्षा अधिक चमकदार बोलतात. चपट्या वेटाळ्याच्या तारा गुळगुळीत आणि मऊ आवाजाच्या असतात. दुसरा भाग पिकअपचा. पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. घोडीजवळच्या पिकअपमध्ये उपस्वर जास्त येतात, दांडीकडच्या पिकअपमध्ये मूळ स्वर भरीव येतो. दोन्ही असलेली बास घेतली तर कमीजास्त करून पाहता येते. तिसरा भाग तारांचा ताण, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी सोनोमीटरचे सूत्र आठवावे. तारेची लांबी तीच ठेवली तर ताण हा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. स्वर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आता या सूत्राची एक गोष्ट. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात १९६८ साली 'ब्लॅक सॅबथ' हा गट जमला. मेटल संगीताचा उगम बहुतेक जाणकार इथेच धरतात. त्यातले गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा त्यांचा हात तोच. त्यांनी प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा खाली उतरवल्या. १९७१ सालच्या तबकडीत त्यांनी बऱ्याच गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली लावल्या आहेत. सूत्रात मांडून पाहिले तर ताण सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतो. दुखऱ्या बोटांना आराम मिळाला आणि संगीत अधिक भारदस्त झाले. बासवादक गीझर बटलर यांनीही तारा तशाच उतरवल्या. या गटाने आपला शेवटचा कार्यक्रम ५ जुलै २०२५ रोजी त्याच बर्मिंगहॅममध्ये केला आणि त्याच महिन्यात २२ तारखेला त्यांचे गायक ऑझी ऑस्बर्न वारले.

पुढे हा पायंडाच पडला आणि मेटलमध्ये तारा खाली उतरवणे नेहमीचे झाले. परंतु सॅबथची चाल बहुधा संथ असे. वेगात सैल तार पडद्यांवर फडफडते आणि बोटाखालून परत यायला उशीर लावते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे जाड तारा. नेहमीच्या संचात सर्वांत जाड तार इंचाच्या १०५ सहस्रांशाची असते, तारा उतरवायच्या असतील तर ११० किंवा त्याहून जाड घ्यावी. दुसरा उपाय लांब दांडी. खुंटीकडच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी बहुतेक बासमध्ये ३४ इंच असते. ३५ इंची बासमध्ये त्याच तारेवर तोच स्वर लावला तर ताण सुमारे सहा टक्के वाढतो. काही बासमध्ये पडदे तिरपे बसवून जाड तार ३७ इंचांपर्यंत नेलेली असते, तिथे ताण अठरा टक्के जास्त. लहान मुलांसाठी ३० इंची बास मिळते, पण तिच्यात ताण बावीस टक्क्यांनी घटतो. शिकायला ती ठीक, या संगीताला सैल पडते.

म्हणजे लांब तेवढी चांगली, असा निष्कर्ष कोणी काढेल. आमच्या विद्यार्थ्याला दुकानात हेच सांगण्यात आले होते. त्याची बास ३५ इंची. पण सूत्रात हात नसतो. ३४ इंची बासवर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे १३ सेंटिमीटर आहे. पट्टी घ्या, कागदावर १३ सेंटिमीटरची रेघ ओढा आणि डाव्या हाताची पहिली व चौथी बोटे दोन टोकांवर ठेवा. मनगट न वाकवता, दहा मिनिटे. पालकांनीही करून पाहावे, आम्ही तिसऱ्या मिनिटाला सोडून दिले. शिवाय दांडीची रुंदी आहेच. फेंडरच्याच १९६० सालच्या 'जॅझ' बासची दांडी वरच्या टोकाला सुमारे ३८ मिलिमीटर असते, प्रिसिजनची ४१ ते ४४. पाच तारांच्या बासची साधारण ४५ किंवा जास्त. लहान पंज्याच्या मुलाला अरुंद व पातळ दांडी फार मोलाची. जपानच्या इबानेझ कंपनीने १९८७ साली काढलेली 'एसआर' मालिका पातळ दांडी आणि हलके अंग यांमुळेच मेटल वाजवणाऱ्यांत इतकी पसरली.

मोठ्या वादकांकडे पाहिले तर मुलांचा आणखी गोंधळ होतो, कारण प्रत्येकाची बास वेगळी आहे. 'आयर्न मेडन'चे स्टीव्ह हॅरिस (हा गट १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूला येऊन वाजवून गेला) घोड्याच्या टापांसारखी चाल केवळ दोन बोटांनी काढतात, तीही जुन्या धाटणीच्या प्रिसिजनवर आणि वर आम्ही ज्यांना मऊ म्हटले त्या चपट्या तारांवर. पण ते तार इतक्या जोराने मारतात की ती पडद्यावर आपटून खणखणते. त्यांची जवारी त्यांच्या बोटांत आहे म्हणा ना. 'मोटरहेड'चे लेमी रिकनबॅकर बासवर पिकने गिटारसारखे वाजवत. 'कॅनिबल कॉर्प्स'चे अ‍ॅलेक्स वेबस्टर पाच तारांची बास तीन बोटांनी आळीपाळीने वाजवतात. पाच तारांवर वेग अशक्य आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही, त्यामागे किती वर्षांची तालीम आहे ते पाहावे.

एक उदाहरण मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः ऐकावे. 'मेटालिका'चे बासवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेले. त्यांच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेड यांची त्या गटाबरोबरची पहिली पूर्ण तबकडी 'अँड जस्टिस फॉर ऑल' १९८८ सालची. तिच्यात बास जवळजवळ ऐकूच येत नाही. ध्वनिमिश्रण करताना तिचा आवाज फार खाली ठेवला गेला. शिवाय बास बहुतेक ठिकाणी गिटारचीच ओळ त्याच वेगात वाजवत असल्यामुळे तिला वेगळे कान लावूनही शोधावे लागते. उत्तम वादक, उत्तम वाद्य, आणि तरी असे. बासला गिटारहून निराळी जागा मिळाली पाहिजे. ती मधल्या पट्टीत, साधारण पाचशे ते दोन हजार हर्ट्झच्या दरम्यान मिळते. आमच्या मुलांचा कल अ‍ॅम्प्लिफायरवरचे 'बास' लिहिलेले बटण शेवटपर्यंत फिरवण्याकडे असतो. ते थोडे कमी करून मधले बटण वाढवून पाहावे.

दुकानात गेल्यावर काय पाहावे? बसून नव्हे, पट्टा खांद्यावर घालून उभे राहून वाजवावे व मध्येच डावा हात सोडावा. दांडी जमिनीकडे झुकली तर अख्खा वेळ डावा हात तिला उचलून धरणार, आणि मनगट तिथेच बिघडते. मग जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहावे. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असावी. दांडीच्या आत लोखंडी सळई असते, ती फिरवून हा बाक दुरुस्त करता येतो. चार तारांचा एकत्रित ओढा पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो, तेव्हा लाकूड वाकणारच. बाराव्या पडद्यावर तारेची उंची मोजावी, दोन-अडीच मिलिमीटर पुरे. त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेकदा वाजवावा. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यांत एखादा सूर लगेच मरतो का, ते विशेष ऐकावे. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावा.

रंग, आकार, शिंगे यांविषयी आम्ही काही लिहीत नाही. लाकडाने आवाज किती बदलतो यावर जाणकारांत वाद आहेत, शिकाऊ मुलाने त्यात पैसे घालू नयेत. अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे ध्वनिवर्धक सर्किट असते आणि मधली पट्टी वाद्यावरच वाढवता येते. सोय आहे, गरज नाही. पण पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सगळे पैसे बासवर संपवले तर अ‍ॅम्प्लिफायरचे काय? साध्या गिटारचा किंवा घरच्या टेपचा स्पीकर बासच्या आवाजाने फाटू शकतो. घरच्या सरावाला वीस-तीस वॅटचा बास अ‍ॅम्प्लिफायर चालतो, हेडफोनची सोय असेल तर शेजारीही दुवा देतील. थोडे पैसे चांगल्या कारागिराकडून बास जुळवून घेण्यासाठी बाजूला ठेवावेत.

ही शेवटची गोष्ट आम्ही अनुभवाने सांगतो. पलंगाखालची ती बास आम्ही मार्चमध्ये शाळेत मागवली व एका कारागिराला दाखवली. तारा बाराव्या पडद्यावर जवळजवळ चार मिलिमीटर उंच होत्या. दुकानातून आल्यापासून कोणी हातच लावला नव्हता, आणि विचारायचे असते हे ना मुलाला माहीत, ना बाबांना, ना आम्हाला. त्याने सळई फिरवली, घोडी खाली घेतली, नव्या तारा लावल्या आणि खोबणीचे काम केले. दीड तास लागला. तारा अडीच मिलिमीटरवर आल्या. मुलाने 'ई' तारेवर एक ओळ वाजवली, थांबला, आणि पुन्हा तीच वाजवली. या वेळी आम्हालाही सूर वेगवेगळे ऐकू आले. दांडी मात्र रुंद ती रुंदच आहे. संथ चालीत तो आता छान वाजवतो, दोनशेच्या वेगाला अर्ध्या तासात मनगट धरते. डॉक्टरांनी सलग वीस मिनिटांहून जास्त वाजवू नको असे सांगितले आहे आणि तो ते पाळतो.

विश्वस्त मंडळाकडे आमची विनंती अशी : शाळेसाठी चार तारांची, ३४ इंची, पातळ दांडीची, दोन पिकअपची बास घ्यावी. निवड आम्ही करणार नाही. दुकानात त्या विद्यार्थ्याला, संगीत शिक्षकांना आणि आठवीतल्या सर्वांत लहान पंज्याच्या इच्छुक विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला पाठवावे. त्या बाबांच्या उरलेल्या हप्त्यांबाबत आम्ही त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोललो आहोत, तो विषय इथे नको.

तोवर ती पाच तारांची बास संगीत कक्षात ठेवली आहे. शनिवारी चौथ्या तासानंतर कोणीही येऊन १३ सेंटिमीटरवर बोटे ठेवून पाहावीत. वाजवून झाल्यावर वायर बासमधून काढून ठेवावी, नाहीतर आतली बॅटरी रात्रभर चालू राहते. गेल्या महिन्यात दोन संपल्या.